हार्मोन सुरू झाले की मूल विसरा? तपासून पाहू

पुण्यातल्या व्हॉट्सॲप गटांत ट्रान्स मुलामुलींसाठी एक सल्ला फिरतोय. शरीर लिंगओळखीशी जुळावं म्हणून हार्मोन घेतले की वंध्यत्व कायमचं, म्हणून गर्भनिरोधक नको; पुढे मूल हवं म्हणून शुक्राणू किंवा बीजांडं गोठवायचीच तर आधी वर्षभर औषधं बंद; आणि एवढं करून वीज गेली की सगळं पाण्यात.

सर्वांत घातक गर्भनिरोधकाचा मुद्दा. ट्रान्स पुरुष घेतात त्या टेस्टोस्टेरॉनने पाळी थांबते, पण बीजांड सुटणं थांबेलच असं नाही. ('स्त्रीबीज' हा रूढ शब्द ट्रान्स पुरुषांना खटकतो, म्हणून बीजांड.) गर्भाशय, अंडाशय जागेवर असतील तर गर्भ राहू शकतो आणि टेस्टोस्टेरॉन त्या गर्भाला अपायकारक असतं. कंडोम किंवा कॉपर-टी हवीच. इस्ट्रोजेनवर असलेल्या ट्रान्स स्त्रीच्या शुक्राणूंमुळेही जोडीदाराला गर्भ राहू शकतो.

'कायमचं' हे अर्धसत्य. ट्रान्स स्त्रिया घेतात ते इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन दाबणारं सायप्रोटेरोन यांनी शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. औषधं थांबवल्यावर काहींचे परततात, काहींचे नाही, आणि कोणाचं काय होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून गोठवायचं ते शक्यतो हार्मोनच्या आधी. आधीच सुरू असतील तर घाईने हात टेकू नका: शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, बाहेर पडायला आणखी दोनेक आठवडे. औषध थांबवून पंधरा दिवसांत आलेल्या शून्याच्या अहवालाला अर्थ नाही, किमान तीन महिने द्या. त्या काळात टकिंग (लिंग-वृषण मागे दाबून लपवणं) आणि घट्ट अंतर्वस्त्रं टाळा, वृषणांचं तापमान वाढतं.

नमुना 2 ते 5 दिवसांच्या संयमानंतर, शक्यतो केंद्रातच द्यावा. तो तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचायला हवा, आणि हिंजवडीहून डेक्कनला तासात पोहोचाल याचा भरवसा कोण देणार? लाळ किंवा साधं वंगण वापरू नका, शुक्राणूंची हालचाल मंदावते. वितळवल्यावर हलणाऱ्यांपैकी साधारण निम्मेच उरतात, म्हणून दोन-तीन नमुने ठेवतात. अगदी कमी उरले तरी इक्सीत, म्हणजे सुईने थेट बीजांडात शुक्राणू सोडण्याच्या पद्धतीत, एका बीजांडाला एकच शुक्राणू लागतो.

बीजांडांसाठीही वर्ष लागत नाही. बरीच केंद्रं टेस्टोस्टेरॉन एक ते तीन महिने थांबवायला सांगतात. न थांबवता बीजांडं काढल्याच्याही नोंदी आहेत. बीजांडं वाढवणारी इंजेक्शनं 10 ते 14 दिवस, सोबत इस्ट्रोजेन चढू नये म्हणून लेट्रोझोल, मग ट्रिगरनंतर (बीजांडं पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शननंतर) 34 ते 36 तासांनी भूल देऊन बीजांडं काढतात. तपासणीची सोनोग्राफी योनीमार्गे नको असेल तर पोटावरून मागा. चित्र थोडं अस्पष्ट येतं, पण चालतं.

विजेचं तर हसूच येतं. नमुने उणे 196 अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये असतात. टाकीला प्लगच नसतो. धोका आहे तो नायट्रोजन उडून पातळी खाली जाण्याचा. तेव्हा नायट्रोजन भरण्याची नोंदवही दाखवा म्हणा.

खरी अडचण या सल्ल्यात आलेलीच नाही. गोठवणं जमतं, वापरणं अडतं. 2021 चा एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायदा 21 ते 50 वर्षांची स्त्री आणि 21 ते 55 वर्षांचा पुरुष अशा शब्दांत बोलतो. त्याच वर्षीचा सरोगसी कायदा विवाहित जोडप्याला, आणि एकट्या स्त्रियांपैकी फक्त 35 ते 45 वयाच्या विधवा वा घटस्फोटित स्त्रीला परवानगी देतो. शुक्राणू गोठवणाऱ्या ट्रान्स स्त्रीने बीजांड आणि गर्भाशय कोणाचं, हे आधी वकिलाशी बोलावं. नाव बदलणार असाल तर राजपत्राची प्रत संमतिपत्राला जोडून ठेवा. जुन्या नावाचा नमुना नव्या ओळखपत्रावर मागताना तीच लागेल.