सात दिग्दर्शक, एक ट्रायपॉड

असाइनमेंट म्युझिक व्हिडिओचं आहे, टीम आठ जणांची आहे आणि हातात तीन आठवडे आहेत, हे कळल्या कळल्या करायचं पहिलं काम म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. गाणं कुठलं, हा विषय इतक्यात काढू नये. आधी ग्रुपचं नाव. त्यात 'स्टुडिओज' हवंच. ट्रायपॉड एकुलता एक असला तरी स्टुडिओ अनेकवचनी. मग लोगो. लोगोवर चार-पाच दिवस सहज जातात आणि ते जाऊ द्यावेत, कारण अख्ख्या प्रकल्पात वेळेवर पुरी होणारी तेवढी एकच गोष्ट आहे.

त्यानंतर खातेवाटप. आठातल्या सात जणांना दिग्दर्शक व्हायचं असतं. घाबरू नका, सगळ्यांची सोय आहे: डायरेक्टर, को-डायरेक्टर, क्रिएटिव्ह डायरेक्टर, असोसिएट डायरेक्टर, आर्ट डायरेक्टर, डायरेक्टर ऑफ फोटोग्राफी, आणि ज्याच्या बाबांची गाडी मिळणार आहे तो प्रोड्यूसर-डायरेक्टर. राहिला आठवा. हा स्वभावाने मवाळ असतो, ग्रुपवरचे मेसेज खरोखर वाचतो आणि 'किती वाजता यायचं?' असं विचारतो. त्याला 'प्रॉडक्शन तू बघ ना यार' म्हणून सांगा. प्रॉडक्शन म्हणजे ट्रायपॉड वाहणं, पाण्याचा जार चढवणं, पोहे सांगणं, एक्स्टेन्शन बोर्ड घरून आणणं, परवानगीचा अर्ज लिहिणं, उन्हाचा उजेड हिरोच्या तोंडावर परतवायला थर्माकोल धरून तासतासभर उभं राहणं आणि 'तू काय केलंस?' या प्रश्नाला शेवटी गप्प बसणं.

गाण्यासाठी ग्रुपवर पोल घ्या, म्हणजे भांडण लेखी राहतं. वर्गातल्या कोणी स्वतः चाल लावलेलं गाणं देऊ केलं, तर 'भारी आहे भावा' म्हणा आणि विषय बदला. आपल्याला गाजलेलंच हवं. चालीचा आणि शब्दांचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची यंत्रणा अपलोड होता होताच गाणं ओळखते, असलं काहीबाही मॅडम सांगतील. त्यांना सांगू द्या. डिस्क्रिप्शनमध्ये 'कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही, केवळ मनोरंजनासाठी' अशी ओळ टाकली की त्या यंत्रणेला गहिवरून येतं, असा आपल्याकडे दृढ समज आहे. तो उगाच मोडू नये.

एका संध्याकाळी आठवा माणूस शॉटलिस्टचा, म्हणजे घ्यायच्या शॉटच्या यादीचा, विषय काढेल. तो हिशोब मांडेल: गाणं ४ मिनिटांचं, म्हणजे २४० सेकंद. सरासरी ३ सेकंदांनी कट धरला तर ८० शॉट. मांडामांड, रिहर्सल आणि दोन टेक मिळून शॉटला १० मिनिटं दिली तर ८०० मिनिटं, म्हणजे तेरा तासांच्या वर, तेही कोणी जेवलं नाही तर. डिसेंबरात पुण्यात सूर्य अकरा तास दिसतो. तेव्हा दोन दिवस धरू या, एका जागेवरचे शॉट गाण्यात कुठेही येत असले तरी एकदमच उरकू या, आणि सगळं गाणं एकदा वाइडमध्ये, म्हणजे लांबून सगळं दिसेल असं, सलग काढून ठेवू या, म्हणजे एडिटला भोक पडलं तर बुजवायला काहीतरी असेल.

या मेसेजला कोणीही उत्तर द्यायचं नाही. तासाभराने क्रिएटिव्ह डायरेक्टरने अंगठा टाकावा. रात्री साडेअकराला डायरेक्टरने लिहावं, 'मला ना, हे सगळं ऑर्गॅनिक पाहिजे. स्पॉटवर जाऊन फील घेऊ.' फीलला पैसे पडत नाहीत आणि त्याची यादीही करावी लागत नाही. (ज्याच्या खिशात यादी असते त्यालाच स्पॉटवर यादीबाहेरचं काही सुचायला फुरसत मिळते, हे खरं. पण बोलून दाखवाल तर तुम्हालाही प्रॉडक्शन बघायला लावतील.)

लोकेशन निवडताना परवानगी लागेल अशाच जागा काढा. शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिथे ट्रायपॉड उघडला की लगेच कोणीतरी आपली दखल घेतं. रुळांवरून पाठमोरं चालत जाण्याचा शॉट तर हवाच. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे विनापरवाना घुसण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मागून येणाऱ्या गाडीला ते कलम माहीत नसतं, तिला थांबायला अंतर लागतं, पण तो मुद्दा 'मूड'मध्ये बसत नाही.

ड्रोन उडवायला तर पुण्यासारखं शहर नाही. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, खडकवासल्याला लष्करी अधिकारी घडवणारी एनडीए, खडकीला दारूगोळा कारखाना, पाषाणला संरक्षण संशोधनाच्या संस्था. २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे भाग केलेत आणि त्यांचा नकाशा ऑनलाइन बघायला मिळतो. तो बघू नका. मित्राच्या मामेभावाने लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन आणलाय एवढी माहिती पुरे.

एवढं करून शेवटी सगळे वेताळ टेकडीवर जातात. तिथे रोज पहाटे येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींचं एक न नेमलेलं विश्वस्त मंडळ असतं. एक आजोबा माकडटोपी सरकवून विचारतील, 'कुठलं कॉलेज? कशासाठी? कचरा उचलणार का?' त्यांना आठव्या माणसाकडे पाठवा.

उन्हाबद्दल एक सूचना. सूर्योदयाचा कोवळा उजेड हवा म्हणून कॉल सहाचा द्या. सूर्य सातच्या सुमाराला येतो, टीम साडेनऊला येते. हिरोने वाटेत केस कापून घेतलेत; कालच्या अर्ध्या शॉटमध्ये ते कपाळावर होते. 'हे कॅरेक्टरचं ट्रान्सफॉर्मेशन आहे,' असं को-डायरेक्टरने म्हणावं. साडेनऊचं ऊन डोळ्यांखाली काळ्या सावल्या टाकतं, ती वेदना म्हणून खपते. मग क्लॅपबोर्ड काढा. त्याच्यासोबत सगळ्यांनी फोटो घ्या, स्टोऱ्या टाका आणि परत बॅगेत ठेवा. त्यावर शॉटचा नंबर लिहायचा असतो, पण खडू आणलेला नसतो.

आता प्लेबॅक. म्युझिक व्हिडिओचा सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे विशेष निष्काळजीपणा हवा. हिरो जे गाणं ऐकून ओठ हलवणार, ते ब्लूटूथ स्पीकरवर वाजवायचं. स्पीकर रात्री चार्ज करायचा राहिलेला असावा. तो 'बॅटरी लो' असं बाईच्या आवाजात सांगतो, नेमकं ध्रुवपदाच्या आधी. स्पीकर कॅमेऱ्याजवळ ठेवा आणि हिरोला पस्तीस मीटर लांब झाडाखाली उभं करा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे गाणं हिरोला एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतं. २५ फ्रेमच्या व्हिडिओत अडीच फ्रेम. एवढ्यानेही ओठ गाण्याच्या मागे पडलेले दिसतात, आणि का ते कोणालाच कळत नाही. आठवा म्हणेल, स्पीकर त्याच्या पायाशी दगडाआड ठेवू या आणि कॅमेऱ्याला गाणं वेगळं ऐकवू या. त्याला सांगा, 'तू थर्माकोल नीट धर.'

हिरोने ओठ नुसते हलवायचे, आवाज काढायचा नाही, हेही ठासून सांगा. मोठ्याने गायलं की गळ्याच्या शिरा ताणतात, छाती हलते आणि माणूस गातोय असं वाटतं. आपल्याला ते नको. आपल्याला बिनआवाजाचा 'आ' हवा.

त्यावर कडी म्हणजे स्लो मोशन. हिरो हळूहळू चालत येतोय, केस उडतायत आणि तो गातोय, असा शॉट प्रत्येकाच्या डोक्यात असतो. सेकंदाला ५० फ्रेम घेऊन २५ ने दाखवलं तर हालचाल निम्म्या वेगाने दिसते. म्हणून ओठ जुळायला हवे असतील तर शूटच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवावं लागतं आणि हिरोला ते दुप्पट वेगाने म्हणत चालावं लागतं. समजा, हे कोणाला ठाऊक असलंच आणि केलंच, तर दृश्य असं: गाणं चिरक्या आवाजात भर्रकन पळतंय, त्यामागे हिरो जबडा चालवत येतोय आणि मघाचे आजोबा काठी टेकून उभे आहेत. 'तब्येत बरी आहे ना रे याची?' हिरो तिथेच कोलमडतो आणि पुन्हा करायला तयार होत नाही. त्यामुळे शहाणी टीम गाणं नेहमीच्या वेगाने वाजवून स्लो मोशन काढते आणि पुढचं एडिटरवर सोडते. एडिटर म्हणजे कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल.

कॅमेरे तीन असावेत, तिन्हींच्या सेटिंगा वेगळ्या. एक सेकंदाला २४ फ्रेमवर, एक २५ वर, आणि एक मोबाइल, जो फ्रेमचा वेग आपल्याच लहरीने वरखाली करतो, म्हणजे गाणं सुरुवातीला जुळतं आणि तिसऱ्या मिनिटाला सुटतं. हॉस्टेलच्या खोलीतला विरहाचा शॉट जुन्या ट्यूबलाइटखाली ६० फ्रेमवर काढा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. भिंतीवरून काळे पट्टे सरकत जाताना दिसतील. शटर सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यावर ठेवलं की ते थांबतात, पण पट्टे 'रेट्रो' वाटतात असा आर्ट डायरेक्टरचा अभिप्राय आहे.

कार्ड एकच, ६४ जीबीचं. १०० एमबीपीएसने फोर-के काढलं तर तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे जेमतेम सव्वा-दीड तास. त्यातली वीस मिनिटं मेकिंगची, म्हणजे शूट करणाऱ्यांचं शूट. कार्ड भरलं की 'लॅपटॉपवर घेतलंय ना?' असं हवेत विचारावं. सात जणांपैकी कोणीतरी 'हो हो' म्हणतंच. मग फॉरमॅट.

एडिटबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. तो आदल्या रात्री होतो. सातही जण व्हॉइस नोट पाठवतात, 'माझा तो झाडाचा शॉट ठेव.' रेंडर ९४ टक्क्यांवर अडकतो. श्रेयनामावलीत सात दिग्दर्शकांना प्रत्येकी एक पूर्ण पडदा द्यावा आणि आठव्याचं नाव 'विशेष आभार'मध्ये, पोहेवाल्या काकांच्या खाली घ्यावं. स्वतःचं नाव त्याने स्वतःच टाईप केलेलं असल्यामुळे शुद्धलेखन तरी बरोबर असतं.

सादरीकरण सेमिनार हॉलमध्ये. अर्धा तास आधी जाऊन वायरी तपासायच्या नाहीत. लॅपटॉप एचडीएमआयने जोडला की आवाज मुकाट्याने प्रोजेक्टरकडे जातो, आणि प्रोजेक्टरचा हॉलच्या स्पीकरशी काडीचाही संबंध नसतो. लोगो येतो, टाळ्या पडतात, व्हिडिओ सुरू होतो. आवाज नाही. हिरो झाडाखाली तोंड उघडतोय, मिटतोय. एक अक्षर ऐकू येत नाही, त्यामुळे एकही ओठ चुकलेला दिसत नाही. आठवा टेबलाखाली शिरून ऑडिओची वायर शोधतोय. त्याला वर येऊ देऊ नका. चार मिनिटांनी दिवे लागतात. मॅडम चष्मा काढतात, मूल्यमापनाच्या कागदावर काहीतरी लिहितात आणि विचारतात, 'गाणं न ऐकवण्याचा निर्णय जाणीवपूर्वक होता का?'

सातही दिग्दर्शकांनी एकाच वेळी, एका सुरात 'हो मॅम' म्हणावं.