आजीचा क्लास आणि तेरा कप्प्यांचं झुरळ

लेकीनं अकरावीला सायन्स घेतलं आणि बायोलॉजी आमच्या घरी राहायला आली. "बायोलॉजी म्हणजे काय हो, नुसतं पाठांतर!" असं सांगणारे आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यागणिक आहेत. त्यांतले बहुतेक कॉमर्सवाले.

नीटच्या 720 पैकी 360 मार्क या एकाच विषयाचे, हे कळल्यावर बायकोनं स्केचपेनांनी वेळापत्रक रंगवलं. सोमवारी पेशी, मंगळवारी जैवरेणू, बुधवारी प्राणिसृष्टी. गुरुवारपर्यंत सोमवारची पेशीच चालू होती. मग मी ज्ञान पाजळलं. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसानं 1885 सालीच दाखवून दिलंय की पाठ केलेलं भराभर विसरतं. तेव्हा उजळणी थोड्या थोड्या दिवसांनी करावी, पुस्तक मिटून आठवून लिहावं. लेकीनं लगेच पुस्तक मिटलं. पुढचं राहिलं.

रविवारी दादरच्या मासळी बाजारातून कोळंबी आणली. बायको ती सोलायला बसली, तर लेक म्हणाली, "आई, कोळंबी मासा नाहीच. आर्थ्रोपोडा. म्हणजे झुरळाच्याच संघातली." त्या दिवशी कोळंबीभात मी एकट्यानं संपवला. या विषयाचा मला झालेला तो एकमेव फायदा.

आणि मग खरंच झुरळाचा धडा आला. त्याच रात्री मोरीत एक सापडलं. आईनं सवयीनं चप्पल उचलली, तोच लेक ओरडली, "आजी थांब, मला त्याच्या मिशा बघायच्यात!" मोबाइलचा टॉर्च लावून ती खाली वाकली. झुरळही थबकलं, मिशा हलवत राहिलं. आजवर या घरात त्याच्याकडे इतक्या प्रेमानं कुणी पाहिलं नसावं.

"याच्या हृदयाला तेरा कप्पे असतात, आजी."

"तेरा? आणि आपण पाच जणं दीड खोलीत!"

"डोकं तुटलं तरी काही दिवस जगतं. श्वास घ्यायची भोकं अंगावर असतात ना, दहा जोड्या."

"म्हणूनच चप्पल दोनदा मारावी लागते," आईला जन्माचं कोडं सुटलं. या चर्चेत झुरळ पसार झालं.

पण आई हटली नाही. रोज रात्री ताटावर बसली की सुरू. याचं रक्त लाल का नाही? लेक अडखळायची, खोलीत जाऊन पुस्तक चाळून यायची. "अगं, त्याच्या अंगात बारीक नळ्यांचं जाळं असतं. हवा थेट पेशींपर्यंत जाते. ऑक्सिजन वाहून न्यायचं काम रक्ताकडे नाहीच, मग हिमोग्लोबिन कशाला?" "मग ते रक्त करतं काय दिवसभर?" की लेक पुन्हा खोलीत. दोन दिवसांनी आई तेच सगळं मुद्दाम चुकीचं सांगायची आणि लेक तिला रागारागानं दुरुस्त करायची. क्लासवाले याच कामाचे लाखभर रुपये घेतात, आणि वर एसीचं कौतुक.

युनिट टेस्टला झुरळाची श्वसनसंस्था आली, आकृतीसकट. पैकीच्या पैकी! बायकोनं श्रेय वेळापत्रकाला दिलं, मी एबिंगहाऊसला. आईनं भाजी वाढता वाढता विचारलं, "आता पुढचं काय गं?"

"उत्सर्जन संस्था. लघवी कशी तयार होते ते."

"ते हात धुतल्यावर."