दौतीची वरात

आमच्या पेठेतल्या कोपऱ्यावरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात पूर्वी शाईची बाटली हमखास मिळत असे. आता तिथे मोबाइलची कव्हरे टांगलेली असतात आणि शाई मागितली, तर दुकानदार ‘प्रिंटरची का?’ असे विचारतो. अक्षर कितीही किरटे असले तरी लिहायचे ते फाउंटन पेनानेच, हा हट्ट न सोडणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्यामुळे ऑनलाइन बाजाराला शरण जावे लागले. मी 60 मिलिलिटरची काळसर निळी शाई निवडली, कारण ती ‘पाण्याने न पुसली जाणारी’ असल्याची ग्वाही विक्रेत्याने दिली होती. टपालखर्च शाईच्या किमतीहून अधिक होता. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला हा व्यवहार आपल्याला नवा नाही.

बाटली बंगळूरहून निघाली. बंगळूरहून मुंबईकडे येणारा महामार्ग पुण्यावरूनच जातो, त्यामुळे ती माझ्या घरापासून काही किलोमीटरवरून, मला न भेटता, थेट भिवंडीच्या गोदामात गेली. तिथे तीन दिवस मुक्काम करून, उतरलेला बोरघाट पुन्हा चढून ती पुण्यात परतली. मेच्या उन्हात एवढा प्रवास केल्यावर माणूससुद्धा घामाघूम होतो. बाटलीत तर शाईच्या वर थोडी हवाही असते. ती तापून फुगली आणि ट्रकच्या हादऱ्यांनी झाकण सैल झाले, की शाई आट्यांमधून वाट काढू लागते.

“काका, यातून काहीतरी गळतंय,” दारातला मुलगा म्हणाला. त्याचे दोन्ही तळवे निळे होते आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक ठिपका पडलेला होता. पार्सल मिळाल्याची सही मात्र मी त्याच्या मोबाइलच्या काचेवर बोटाने केली. शाई पोहोचल्याची पावती देण्यासाठी शाई लागू नये, याचे मला जरा वाईट वाटले. मात्र माझे बोटही तोवर निळे झालेले असल्याने सहीची एक प्रत त्या काचेवर राहिलीच.

तक्रारीच्या अर्जात पहिलाच प्रश्न होता, ‘उत्पादन वापरले आहे काय?’ मी वापरले नव्हते. खोक्याने, जिन्याने आणि त्या मुलाच्या सदऱ्याने वापरले होते, परंतु तसा पर्याय अर्जात नव्हता. शेवटी खोक्याची चार बाजूंनी छायाचित्रे पाठवल्यावर दुसरी बाटली मंजूर झाली.

तिची वाट पाहताना माझ्या लक्षात आले, की शाईत बहुतांश पाणीच असते. म्हणजे खडकवासल्याचे पाणी नळाला येत असताना मी परगावचे पाणी, काचेत घालून, घाटातून वर-खाली फिरवून मागवत होतो. हे आपल्या जुन्या माणसांना चांगले ठाऊक असावे. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत शाईचा व्यवसाय सुरू केला, तो ‘हॉर्स ब्रँड’ नावाच्या पुडीने आणि गोळ्यांनी. कॅम्लिन पुढे त्यातूनच उभी राहिली. पुडी गळत नाही, फुटत नाही आणि पाणी ज्याचे त्याने आपल्या घरचे घालायचे असते. पुढे पुडीची बाटली झाली, तिला आपण प्रगती म्हणतो.

दुसरी बाटली मात्र विक्रेत्याने ईर्षेने बांधली होती. झाकणाला नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप, तिच्यावर काळी चिकटपट्टी, मग प्लॅस्टिकची पिशवी, मग बुडबुड्यांचे वेष्टन आणि हे सगळे थर्माकोलच्या गोळ्यांत पुरलेले. सुरी, कात्री आणि अखेरीस अडकित्ता वापरून मी बाटलीपर्यंत पोहोचलो. झाकण काही हलेना. तेव्हा लोणच्याच्या बरण्यांचा अनुभव असलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी ते गरम पाण्यात धरून एका पिळात उघडले. थर्माकोलच्या गोळ्या अजूनही पंखा लावला की कोपऱ्यातून बाहेर येतात.

पेन भरून पहिले जे लिहिले, ते सोसायटीच्या सचिवांना पत्र. फरशीवरचे डाग पाण्याने, लिंबाने आणि फिनाईलने का गेले नाहीत, याचा सविस्तर खुलासा त्यात होता. अक्षर या वेळी फार सुरेख उमटले होते. सचिवांनी त्यावर बॉलपेनने ‘पाहिले’ असा शेरा मारून पत्र परत पाठवले.