आधी मोजा तरी!

आमच्या गटाच्या दर भेटीत हेच. कुणीतरी लॅपटॉप उघडून म्हणतं, माझी वेबसाइट फार हळू चालते. वाक्य पुरं व्हायच्या आत चारही बाजूंनी सल्ला: होस्टिंग बदल, म्हणजे साइट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर हलव! अरे, पण मोजलंय का कुणी?

परवा अशाच एका पोराला मी हट्टाने ब्राउझरमधला नेटवर्क टॅब उघडायला लावला; कुठली फाइल किती वेळात आली ते तिथे दिसतं. सर्व्हरचं पहिलं उत्तर २०० मिलिसेकंदांत आलेलं. ८०० च्या आत आलं तरी चांगलं धरतात, म्हणजे सर्व्हर आपलं काम चोख करत होता. खाली पाहिलं तर पानाच्या माथ्यावरचा फोटो ६ एमबीचा! कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवलेला, आणि वर त्यालाच लेझी लोडिंग, म्हणजे चित्र लगेच न मागवता मागाहून उतरवायचं. जे चित्र सगळ्यात आधी दिसायला हवं, त्यालाच ताटकळत ठेवायचं? एलसीपी, म्हणजे पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, २.५ सेकंदांच्या आत हवा, इथे ९ सेकंद. कितीही दणकट सर्व्हर आणा, वाचणाऱ्याच्या मोबाइलला तो फोटो तेवढाच जड.

दुसरं, लाइटहाउस या गूगलच्या साइट तपासणाऱ्या साधनाचे १०० गुण मिरवणं. ती एका यंत्रावरची चाचणी आहे हो! खऱ्या लोकांना, कमजोर फोनवर, अडखळत्या नेटवर काय भोगावं लागतं ते त्यात कुठे दिसतं? म्हणून तर साइटला दिलेल्या प्रत्यक्ष भेटींचा ७५ वा पर्सेंटाइल बघायचा असतो, म्हणजे चारपैकी तीन भेटी ज्या वेळेच्या आत बसतात तो आकडा.

त्या पोराने वर्षभरात दोनदा होस्टिंग बदललंय. दोन्ही वेळा आमच्याच गटाच्या सांगण्यावरून. पैसे गेले, रात्री गेल्या, आणि फोटो अजून तिथेच.