मिनी पीसीचा होम सर्व्हर: फिरत्या मेसेजमधलं खरं किती?

ग्रुपाग्रुपांतून एक मेसेज सध्या फिरतोय. सारांश असा: तळहातावर मावणारा मिनी पीसी घेऊन त्याचा घरचा सर्व्हर करा, तो 6 वॉटमध्ये चोवीस तास आवाज न करता चालतो, ताकदीला मोठ्या सर्व्हरच्या तोडीचा आहे, दोन डिस्क लावल्या की डेटा कायमचा सुरक्षित, फायली जगात कुठूनही उघडतात, तेव्हा क्लाउडचे पैसे आजच बंद करा. असा डबा मीही चालवतो आणि कुणी विचारलं तर 'घे' म्हणूनच सांगतो. पण हा मेसेज वाचून घेऊ नका.

आधी ते 6 वॉट. या डब्यांत सर्रास दिसणारा प्रोसेसर म्हणजे 2023 मध्ये आलेला इंटेल एन100. 6 वॉट हा त्याचा टीडीपी, म्हणजे एकट्या चिपचा कागदोपत्री आकडा. सॉकेटला मीटर लावून बघा: डबा नुसता बसलेला असताना साधारण 6 ते 10 वॉट, कामाला जुंपला की 20 च्या वर. 3.5 इंची हार्ड डिस्क फिरत असेल तर प्रत्येकीचे आणखी 5 ते 8. तरी सरासरी 15 वॉट धरले तर वर्षाला 131 युनिटच होतात. सतत 100 वॉट खाणारा जुना सर्व्हर 876 युनिट घेतो. आकडा चुकीचा, पण मुद्दा खरा.

ताकदीचं म्हणाल तर घरच्या कामाला ती पुरून उरते. पाय-होल (जाहिराती अडवणारं), होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं), नेक्स्टक्लाउड (फायली ठेवणारं), जेलीफिन (सिनेमे दाखवणारं) ही सॉफ्टवेअर एकत्र चालवा, प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच दिसेल. 4के व्हिडिओचं ट्रान्सकोडिंगही, म्हणजे बघणाऱ्या उपकरणाला झेपेल अशा रूपात तो बदलणं, चिपमधला क्विक सिंक हा व्हिडिओसाठीचा खास भाग परस्पर उरकतो. पण 'सर्व्हरच्या तोडीचा' हे काहीच्या काही. चार कोअर, मेमरीचं एकच चॅनल, इंटेलच्या हिशेबाने कमाल 16 जीबी रॅम. चार-पाच व्हर्च्युअल मशीन (एकाच डब्यात चालणारे वेगवेगळे आभासी कॉम्प्युटर) चढवली की आधी रॅम संपते.

खरी गोची डिस्कपाशी आहे, आणि मेसेज नेमका तिथेच सर्वांत बेफिकीर आहे. या डब्यात 3.5 इंची डिस्क बसायला सहसा जागाच नसते, म्हणून लोक यूएसबी डॉक, म्हणजे डिस्क बाहेरून जोडायचा स्टँड, लावतात. या डिस्कला 12 व्होल्ट लागतात, साधा यूएसबी पोर्ट देतो 5. म्हणजे वेगळा अडॅप्टर आलाच. डिस्क फिरायला लागते त्या काही सेकंदांत ती एकटी 2 अँपिअरपर्यंत, म्हणजे 24 वॉटच्या आसपास, ओढू शकते. दोन डिस्क एकदम जाग्या झाल्या आणि अडॅप्टर तकलादू असला की व्होल्टेज बसतं, डॉकमधली चिप रीसेट होते आणि लॉगमध्ये 'यूएसबी डिस्कनेक्ट'च्या ओळी येतात. दोन्ही डिस्क एकाच क्षणी गायब! एक गेली तरी दुसरी राहील, या भरवशावर तर मिररिंग, म्हणजे तोच डेटा दोन्ही डिस्कवर एकदम लिहिणं, उभं असतं. इथे दोघींचं नशीब एकाच चिपला आणि एकाच अडॅप्टरला बांधलेलं.

आणि समजा सगळं सुरळीत चाललं, तरी मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेला फोल्डर दोन्हीकडून त्याच क्षणी जातो. रॅन्समवेअरने फायली कुलूपबंद केल्या तर दोन्ही प्रती कुलूपबंद. चोरी, आग यांबद्दल बोलायलाच नको. जुना 3-2-1 नियम अजून तसाच लागू आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर.

'जगात कुठूनही' हे तुमच्या इंटरनेट कंपनीवर ठरतं. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा, आयपी पत्ता बघा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. मग राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला डब्यापर्यंत पोचवणारी सेटिंग) कितीही करा, बाहेरून कुणी आत येणार नाही. आयपीव्ही6 (प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता देणारी नवी पद्धत) किंवा टेलस्केलसारख्या, आपल्याच उपकरणांना खासगी जाळ्यात जोडणाऱ्या सोयीने वाट निघते (पोर्ट उघडे टाकण्यापेक्षा ती मला कधीही बरी वाटते). पुढे आडवा येतो अपलोडचा वेग. 20 एमबीपीएस अपलोड असेल तर बाहेरून 10 जीबीची फाइल उतरवायला तासाच्या वर जातो. घरात वायरीवर तीच फाइल दीड-दोन मिनिटांत.

आवाज होत नाही हे बहुतांशी खरं. फक्त पंखा नसलेला डबा बंद कपाटात कोंबू नका.

राहता राहिला क्लाउड. घराबाहेरची एक प्रत कुठेतरी ठेवायचीच आहे, तर ती रेस्टिकसारख्या बॅकअपच्या साधनाने एन्क्रिप्ट करून क्लाउडवरच ठेवा. सिनेमे, इन्स्टॉलर वगळून फक्त फोटो आणि कागदपत्रं पाठवली तर बहुतेकांना लहानसा प्लॅन पुरतो. मोठा प्लॅन बंद करण्याआधी त्या प्रतीतला एखादा फोल्डर दुसऱ्याच मशीनवर परत आणा आणि फायली खरंच उघडतात का ते बघा.