एसपीएफमध्ये 'प्लस ऑल' टाकायला सांगणारा तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका

"मेल स्पॅममध्ये जातायत? पाच मिनिटांत कायमचा इलाज" असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. त्यात सहा उपाय आहेत: जुने सगळे एसपीएफ रेकॉर्ड उडवून एकच प्लस ऑलवाला टाका, डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड) डिलीट करा, एमएक्समध्ये (येणारं मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचं ते सांगणाऱ्या रेकॉर्डमध्ये) थेट आयपी म्हणजे सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता लिहा, पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारा) डोमेनच्या पॅनलमध्ये टाका, मग ४८ तास कशालाही हात लावू नका, आणि तरीही जमलं नाही तर आयपी बदलून घ्या. हा मेसेज माझ्या ताईकडे पोचला. ती एक छोटी संस्था चालवते, मेल सांभाळायला वेगळं माणूस नाहीये, तिने पहिला उपाय लगेच करूनही टाकला. मी ओरडलो तर म्हणाली, "अरे पण केल्यावर मेल जायला लागले ना, मग चूक कसं?" प्रश्न रास्त आहे, आणि हा मेसेज लोकांना पटतो तो नेमका याच कारणाने, म्हणून आधी याच मुद्द्यावर बोलतो.

एसपीएफ म्हणजे डीएनएसमधला, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीतला, एक टेक्स्ट रेकॉर्ड. आमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या कुठल्या सर्व्हरला आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. शेवटचा 'ऑल' म्हणजे यादीत नसलेले बाकी सगळे. मायनस ऑल लिहिलं तर बाकीचे आमचे नाहीत, टिल्ड ऑल लिहिलं तर बहुतेक नाहीत, संशयाने बघा. आणि प्लस ऑल लिहिलं की जगातला कुठलाही सर्व्हर, कुठलाही आयपी, सगळे आमचेच. म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून तो चौकात ठेवून दिल्यासारखं झालं.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. डीमार्क काय बघतं, तर एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) या दोघांपैकी एक तरी पास झालंय का, आणि जे पास झालं त्याचं डोमेन 'फ्रॉम'मध्ये दिसणाऱ्या डोमेनशी जुळतंय का. आता प्लस ऑल असल्यावर कोणी भामट्याने ताईच्या डोमेनचं नाव मेलच्या लिफाफ्यावरही (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पाठवणाऱ्याचा पत्ता, एसपीएफ तोच बघतं) टाकलं आणि फ्रॉममध्येही टाकलं, तर एसपीएफ पास, डोमेन जुळलं, डीमार्क पास. तुम्ही डीमार्कमध्ये पी इज इक्वल टू रिजेक्ट (नापास मेल नाकारा) लावून ठेवलेलं असलं तरी ते मेल आत जाणार, कारण रिजेक्ट करायला काही फेलच झालेलं नाहीये! "आमचं बँक खातं बदललंय, पुढचे पैसे या नव्या खात्यात भरा" असं मेल संस्थेच्या नावाने देणगीदारांना गेलं, तर तपासणाऱ्या प्रत्येक सर्व्हरला ते अस्सल दिसेल. मेसेज लिहिणाऱ्याने याचा क्षणभर तरी विचार केला होता का?

मग ताईचे मेल जायला कसे लागले? तिच्या डोमेनवर दोन एसपीएफ रेकॉर्ड होते, एक होस्टिंगवाल्याचा जुना आणि दुसरा न्यूजलेटर सर्व्हिसने सांगितला म्हणून नंतर टाकलेला. एसपीएफचं स्टँडर्ड म्हणजे आरएफसी ७२०८, एप्रिल २०१४ चं, त्यात स्पष्ट लिहिलंय की एका डोमेनला एकापेक्षा जास्त एसपीएफ रेकॉर्ड सापडले तर निकाल 'परमएरर', म्हणजे रेकॉर्डच चुकीचा. म्हणजे दोन्ही रेकॉर्ड आपापल्या जागी बरोबर असले तरी एकाचाही उपयोग होत नाही. मेसेजच्या नादाने तिने दोन्ही काढून एक ठेवला आणि परमएरर गेला. तर 'एकच रेकॉर्ड ठेवा' एवढा भाग बरोबर आहे, हे मान्य करावं लागेल. पण गुण आला तो 'एक'मुळे, प्लस ऑलमुळे नाही. दोन्ही रेकॉर्डमधले इन्क्लूड (दुसऱ्या सर्व्हिसची सर्व्हर-यादी जोडणारे भाग) एकाच ओळीत घेतले आणि शेवटी टिल्ड ऑल ठेवलं की हेच काम झालं असतं, दार सताड उघडं न ठेवता.

इन्क्लूड एकत्र करताना याच आरएफसीतली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एसपीएफ तपासताना जास्तीत जास्त १० डीएनएस लुकअप (डीएनएसला विचारणा) चालतात. इन्क्लूड, ए, एमएक्स, रिडायरेक्ट हे सगळे मोजले जातात आणि इन्क्लूडच्या पोटात जे इन्क्लूड असतात तेही मोजले जातात. आयपी४ आणि आयपी६ (थेट लिहिलेले पत्ते) मोजले जात नाहीत. अकरावा लुकअप लागला की पुन्हा परमएरर. त्यामुळे कधीकाळी ट्रायल घेतलेल्या आणि आता वापरात नसलेल्या सर्व्हिसचे इन्क्लूड आधी काढा.

ताईच्या केसमध्ये खरी गंमत तर पुढेच होती, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखसुद्धा नाही. मी तिला एक टेस्ट मेल जीमेलवर पाठवायला लावलं आणि 'शो ओरिजिनल' उघडलं. तिथे डीकेआयएमच्या ओळीत लिहिलेलं होतं 'नो की फॉर सिग्नेचर'. सही होत होती पण डीएनएसमध्ये चावी सापडत नव्हती. पॅनलमध्ये बघितलं तर रेकॉर्ड दिसतोय, व्हॅल्यू बरोबर, सगळं ठीक. मग डिग (डीएनएसला थेट विचारणारी कमांड) चालवून बघितलं तेव्हा कळलं की पॅनल नावाच्या शेवटी डोमेन आपोआप जोडतं, आणि तिने सर्व्हिसच्या पानावरून पूर्ण नाव कॉपी करून पेस्ट केलेलं, त्यामुळे सिलेक्टर (चावीचं नाव), मग अंडरस्कोर डोमेनकी, मग डोमेन, आणि त्यापुढे परत तेच डोमेन असं डबल नाव तयार झालेलं. नावाच्या रकान्यात फक्त 'डोमेनकी'पर्यंतचा भाग ठेवला, बस. ही चूक इतक्या लोकांची होते की मेल अडलं तर मी आधी हेच बघायला सांगतो. दुसरं म्हणजे २०४८ बिटची चावी लांब असते आणि टेक्स्ट रेकॉर्डमध्ये एका स्ट्रिंगला २५५ कॅरेक्टरची मर्यादा आहे, काही पॅनल ती स्वतः तोडतात, काहींमध्ये अवतरणचिन्हं टाकून आपणच तुकडे करावे लागतात.

डीकेआयएमकडे दुर्लक्ष करू नका, कारण मेल फॉरवर्ड झालं की पाठवणारा आयपी बदलतो आणि एसपीएफ बहुतेक वेळा फेल जातं, डीकेआयएम मात्र मजकूर बदलला नसेल तर टिकतं.

आता डीमार्क डिलीट करा म्हणे. एसपीएफ, डीकेआयएम धड नसताना कोणी थेट रिजेक्ट लावलं तर स्वतःचेच मेल अडकतात, हे खरंय. पण मग पॉलिसी 'नन'वर (फक्त बघा, अडवू नका) आणा आणि रिपोर्टसाठी पत्ता द्या, रेकॉर्ड उडवता कशाला? फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या खात्यांवर रोज ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लागतात, डीमार्क किमान 'नन' तरी. म्हणजे न्यूजलेटरवाल्याने हा उपाय केला तर त्याचे जे मेल आज जातायत तेही अडकायला लागतील.

एमएक्समध्ये आयपी, हे तर चालतच नाही. तिथे होस्टनेमच लागतं, आणि त्या होस्टनेमला ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारा). ते नाव सीनेमसुद्धा (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारा रेकॉर्ड) नसावं.

पीटीआर लागतो हे बरोबर, पण तो डोमेनच्या पॅनलमध्ये टाकून काहीही होत नाही. रिव्हर्स झोन (आयपीवरून नाव शोधायची नोंदवही) हा आयपीच्या मालकाचा, म्हणजे तुमच्या सर्व्हर प्रोव्हायडरचा असतो, त्याच्याच पॅनलमध्ये सेट करायचा नाहीतर तिकीट टाकून करून घ्यायचा. आणि पीटीआरमधून जे नाव येईल त्याचा ए रेकॉर्ड परत त्याच आयपीवर यायला पाहिजे. तसं नसेल तर जीमेल ५५० ५.७.२५ देऊन परत पाठवतं, आणि कारण बाउन्समध्येच (मेल परत आल्याच्या निरोपात) लिहिलेलं असतं. बाउन्स वाचा हो! ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे तात्पुरती अडचण, सर्व्हर स्वतः परत प्रयत्न करेल. ५ ने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार, तिथे नुसतं थांबून काही होत नाही.

४८ तासांचं म्हणाल तर ते अगदीच हवेतून आलेलं नाही. डॉट कॉमच्या झोनमध्ये नेमसर्व्हरच्या (डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरच्या) रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर किती वेळ साठवून ठेवता येतं ते, १७२८०० सेकंद असतो, म्हणजे बरोब्बर ४८ तास, त्यामुळे नेमसर्व्हर बदलले तर तेवढा वेळ लागू शकतो. पण टेक्स्ट रेकॉर्ड बदललात तर त्याच्या स्वतःच्या टीटीएलएवढाच वेळ, बरेचदा तासभर. आणि थांबायच्या आधी आपल्या ऑथोरिटेटिव्ह नेमसर्व्हरलाच (जिथे मूळ रेकॉर्ड असतो) विचारून बघा. तिथेच चुकीचं दिसत असेल तर दोन दिवस काय, दोन महिने थांबूनही ते बरोबर होणार नाही.

राहिलं आयपी बदलणं. नव्या आयपीला काहीच इतिहास नसतो, त्यामुळे उलट जास्त संशय येतो, शिवाय तो आधी कोणी वापरून बदनाम केलेला असू शकतो. आणि ब्लॅकलिस्टमध्ये आहोत हे कशावरून ठरवलंत तेही बघा. स्पॅमहाउसला (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची यादी ठेवणारी संस्था) पब्लिक रिझॉल्व्हरमधून, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या डीएनएस सर्व्हरमधून, क्वेरी केली की १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येऊ शकतं, त्याचा अर्थ 'या रिझॉल्व्हरमधून विचारू नका' एवढाच, तुमचा आयपी यादीत आहे असा नाही. त्यांच्याच वेबसाइटवर जाऊन आयपी टाका. नाव खरंच यादीत असेल तर आधी मेल लॉग काढून कुठल्या अकाउंटमधून स्पॅम जातंय ते शोधा आणि त्याचा पासवर्ड बदला, मगच डिलिस्टिंगची रिक्वेस्ट टाका, नाहीतर नाव निघेल आणि परत लागेल.