शेवटचं नाणं हमखास मिळवण्याचे उपाय

तुमच्या अल्बममधला आता एकच कप्पा रिकामा राहिलाय म्हणता? मनापासून अभिनंदन. इथवर झाली ती नुसती हौस. खरा छंद आता सुरू होतोय. त्यासाठी एक भिंग, एक लोहचुंबक, सुट्ट्या पैशांची पिशवी आणि रक्तदाबाची गोळी एवढं साहित्य जवळ ठेवा.

संच कुठला निवडावा, तर स्वस्तातला. सोन्याचे होन, राणीच्या छापाचे चांदीचे रुपये हे पैसेवाल्यांचे नाद. तिथं एखादं नाणं मिळालं नाही तरी इज्जत शाबूत राहते, ‘दुर्मिळ आहे हो’ म्हणता येतं. तुम्ही माझ्यासारखं करा. दोन रुपयांची अकरा कोनांची स्मारक नाणी जमवा, म्हणजे नाणं सापडेना झालं की सांगायचीही लाज वाटेल. ही नाणी आपल्या डोळ्यांदेखत गल्ल्यागल्ल्यांतून फिरली. 1996 चे सरदार पटेल, 1998 चे योगी अरविंद आणि देशबंधू चित्तरंजन दास, 2000 चं सर्वोच्च न्यायालय, 2002 चे तुकोबा, रेल्वेला दीडशे वर्षं झाली तेव्हाचा 2003 चा भोलू हत्ती. सगळी मिळतात. 1999 च्या शिवाजी महाराजांना साताऱ्यात जरा वेळ लागतो, कारण ते नाणं इथं कुणी खर्च करत नाही, ते थेट देव्हाऱ्यात जातं. पण मिळतं.

आणि मग एक राहतं. जानेवारी 1995 मध्ये तंजावरला आठवी जागतिक तमिळ परिषद भरली होती, तिचं. नाण्यावर तमिळ संतकवी तिरुवल्लुवर बसलेले आहेत. तंजावरला व्यंकोजीराजांनी गादी स्थापली, तिथं पिढ्यानपिढ्या भोसल्यांनी राज्य केलं. तेवढ्या नात्यानं तरी त्या नाण्यानं एकदा साताऱ्याची वाट धरायला हवी होती. नाही धरली.

तर उपाय.

दुकानदाराच्या गल्ल्यापासून सुरुवात करा. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत राजपथावर जेवढी दुकानं आहेत तेवढ्या ठिकाणी काहीतरी दोन-पाच रुपयांचं घ्या आणि शंभराची नोट पुढं करा. पूर्वी यावर शिव्या मिळायच्या, पण त्यासोबत सुट्टे पैसेही मिळायचे. आता मालक मान वर न करता काउंटरवरच्या चौकोनाकडं बोट दाखवतो. ‘स्कॅन करा की सर.’ सुट्टे मागितलेत तर चॉकलेट मिळेल. चॉकलेटवर तिरुवल्लुवर नसतात.

एसटीच्या कंडक्टरला त्रास देऊ नका. त्याच्याकडंही आता तेच.

लोहचुंबक मात्र अवश्य वापरा, हा उपाय खरोखर चांगला आहे. अलीकडची दोन रुपयांची नाणी स्टीलची आहेत, ती चुंबकाला चिकटतात. आपली जुनी अकराकोनी नाणी तांबं आणि निकेलच्या मिश्रणाची, ती चिकटत नाहीत. ढिगावरून चुंबक फिरवा, नवी उचलली जातात आणि कामाची खाली राहतात. किलोभर चिल्लर मिनिटांत निवडून होते. याच शास्त्राची दुसरी बाजू बघायची असेल तर कृष्णेच्या पुलावर जाऊन उभे राहा. एसटी पुलावर आली की माणसं हात जोडतात आणि खिडकीतून नाणं नदीत सोडतात. पोरं दोरीला चुंबक बांधून ती नाणी वर ओढतात. वर काय येतं? स्टीलचं. म्हणजे तुमचं नाणं कृष्णामाईच्या पोटात असेल तर ते तिथं अगदी सुरक्षित आहे, काळजी नसावी.

टाकसाळीच्या खुणांचं नाव काढू नका. सालाच्या खाली पत्त्यातली चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. हे एकदा कळलं की एका रिकाम्या कप्प्याचे चार होतात आणि घरातली माणसं बोलायची बंद होतात.

नाण्यांच्या व्यापाऱ्याकडं जायचं तर प्रदर्शनात जा, पुण्याला. नाणं त्याच्याकडं असतंच. काचेखाली, नव्यासारखं लख्ख. हात थरथरेल, थरथरू द्या. किंमत विचारा. तो सांगेल, ‘सुटं देत नाही, सेट घ्यावा लागेल.’ तुम्ही म्हणाल, बाकीची सगळी आहेत हो माझ्याकडं. तो म्हणेल, ‘मग डबल होतील. बरं असतं.’ म्हणजे एका नाण्यासाठी पूर्ण संच घ्यायचा, की वर संचभर नाणी जास्त झाली. मग ती ज्याचं एकच नाणं राहिलंय अशा माणसाला विकायची. तो विचारेल, सुटं देता का?

ऑनलाइन मागवा. फोटोखाली बारीक अक्षरात ‘प्रातिनिधिक चित्र’ लिहिलेलं असतं. पाकिटातून पटेल निघतात.

नातेवाइकांना सांगू नका. सांगितलंतच, तर प्रत्येक लग्नात कुणीतरी काका तुम्हाला बाजूला घेईल, पाकिटातून रुमाल आणि रुमालातून नेपाळचा रुपया काढेल, आणि ‘शिवराई आहे का रे तुझ्याकडं?’ असं विचारेल. काकांनी शिवराई पाहिलेली नसते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’, तांब्याचं नाणं, असं सांगू लागलात तर काका म्हणतात, तेवढं माहितीय मला.

आता शेवटचा आणि हमखास उपाय. गावातल्या ज्या माणसाकडं ते नाणं आहे, त्याच्या घरी जा.

हा उपाय मी गेल्याच आठवड्यात केला, म्हणून ताजा आहे. आमच्याच पेठेतले गृहस्थ. ओळखीच्या एकाकडून निरोप आला, ‘त्यांच्याकडं आहे.’ असा निरोप आला की चप्पल घालायला वेळ लावू नये. मी गेलो. चहा झाला, पाऊस झाला, पोराच्या नोकरीचं झालं. मग वहिनींनी आतून कानातल्यांची मखमली डबी आणली. डबीत नाणं. तेच. 1995. तिरुवल्लुवर. चिंच-मीठ लावून घासघासून आरशासारखं केलेलं! अहो, नाणं घासू नये! त्याच्या अंगावर वर्षानुवर्षं चढलेला रंगच त्याची अब्रू असतो. तो एकदा घासून काढला की संग्राहकाच्या लेखी ते नाणं गेलं. पण मी काही बोललो नाही. गिळलं. म्हटलं, घासलेलं तर घासलेलं, कप्पा तर भरेल.

विचारलं, ‘काय द्यायचे?’

‘मोबाईलमधी दहा लाखाला चाललंय सर. तुम्ही गावातले, म्हणून पाच.’

मी हसलो. ते हसले नाहीत.

मग मी समजावायला बसलो, आणि वाचकहो, हे तुम्ही अजिबात करू नका. म्हटलं, काका, ही नाणी टाकसाळीनं ढिगानं पाडली, ती बाजारात फिरावीत म्हणूनच पाडली. आज याला फार तर शे-दोनशे मिळतील, मी दोनशे देतो. ते शांतपणे म्हणाले, ‘दोनशेचंच असतं तर तुम्ही उन्हातानाचं इथवर आला असता का?’

आता याला उत्तर काय द्यायचं? तुमच्याकडं असेल तर कळवा.

त्यांनी व्हिडिओ दाखवला. लाल बाण, पिवळी अक्षरं, मागं नोटांच्या थप्प्या, आणि कुणीतरी ओरडतंय की घरातली जुनी नाणी शोधा आणि रातोरात लखपती व्हा. वैष्णोदेवीचं नाणं, ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट, शेवटी 786 असलेली नोट, सगळं त्यात एकाच दमात येतं. वैष्णोदेवीचं नाणं 2012 चं आहे हो. अजून भाजीवाल्या मावशींच्या डब्यात सापडतं. ते लाखांना घेणारा जो कुणी आहे त्याला म्हणावं मंडईत ये, डबा दाखवतो.

आणि मग वहिनी बोलून गेल्या. ‘ह्यांनी नोंदणीचे पैसे भरलेत. मग टॅक्सचे भरले. आता कमिशनचं एवढं राहिलंय, ते भरलं की गिऱ्हाईक येणार म्हणतात.’

म्हणजे काकांना कुणीतरी फोनवरून व्यवस्थित सोलत होतं, आणि वर माझ्याकडं बघून ते म्हणाले, ‘तुमाला फुकटात लाटायचंय, म्हणून हे सगळं सांगताय.’ रिझर्व्ह बँकेनं 4 ऑगस्ट 2021 ला जाहीर निवेदन काढलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आम्ही नाही, असलं शुल्क, कमिशन, कर आम्ही कधी मागत नाही, आमच्या नावानं मागणाऱ्यांना बळी पडू नका. मी ते मोबाईलवर काढून दाखवलं. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, ‘हे खोटं असतं. आजकाल मोबाईलमधी काहीही टाकतात.’

मोबाईलमधी काहीही टाकतात!

हेच काका चहाच्या टपरीवर दहा रुपयांचं नाणं परत करतात. ‘हे चालत न्हाई, नोट द्या.’ का चालत नाही? दहाच्या नाण्यांचे तोवर निघालेले चौदा वेगवेगळे छाप सगळेच वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्येच स्पष्ट सांगितलंय. तरी साताऱ्यात दहाचं नाणं पुढं केलं की माणसं असं बघतात की मीच घरात भट्टी लावून ते ओतलंय. म्हणजे चालणारं दहाचं नाणं यांना खोटं, आणि दोन रुपयांचं पाच लाखांचं, ते मात्र खरं!

गंमत पुरे झाली. आता सरळ बोलतो.

तो व्हिडिओ पुढं ढकलणारे तुम्हीच आहात. फॅमिली ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, ‘खरं की खोटं माहीत नाही, पण बघा’ असं वर लिहून. माहीत नाही तर पाठवता कशाला? त्या एका बोटाच्या दाबापायी पेन्शनवर जगणारा माणूस नोंदणी, टॅक्स, कमिशन भरत बसतो, आणि बायकोला सांगतो की गिऱ्हाईक येतंय. गिऱ्हाईक येत नसतं. येतो तो पुढच्या फीचा फोन. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा, सायबर पोलिसांत जा, लाजू नका. आणि ज्या घरात असा फोन चालू आहे तिथल्या पोरांनो, बापाच्या हातातला फोन घेऊन बघा जरा काय चाललंय ते. दिवसभर स्वतःच्या मोबाईलमध्ये तोंड घालून बसता, मग बापाच्या मोबाईलमध्ये बघायला काय होतं तुम्हाला?

आणि काका, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका. तुमच्या त्या घासलेल्या नाण्याला पाच लाख कुणी देणार नाही. पाच हजारही नाही. कमिशनचा एक रुपया भरू नका. माझे दोनशे अजून कबूल आहेत. नको असतील तर नका देऊ, पण पुन्हा चिंच लावू नका त्याला.